आमसुलाचा चुलतभाऊ

कोकणातल्या घरात आमसुलाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ते असतेच. आमटीत, माशाच्या कालवणात, उन्हाळ्याच्या सरबतात, जेवणाच्या शेवटी सोलकढीत. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे आणि थंडीत टाचांना भेगा पडल्या की त्याच फळाच्या बीपासून काढलेले मुठेल चोळायचे, हे आम्हांला कुणी शिकवले नाही, ते आजीच्या हाताबरोबर आले. इतकी कामे करूनही आमसुलाने कधी तोरा मिरवला नाही. मिठाने ओलसर होऊन ते बरणीच्या तळाशी गप्प बसलेले असते.

या आमसुलाच्या एका चुलतभावाने मात्र जगभर मोठे नाव काढले. तो राहतो केरळात. तिथे त्याला कुडमपुळी म्हणतात, कर्नाटकात उप्पागे, श्रीलंकेत गोरका. वनस्पतिशास्त्रात आपले कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका, तर हा गार्सिनिया गम्मी-गट्टा. त्याचे जुने शास्त्रीय नाव मात्र अधिक गाजले आणि तेच आज बाटल्यांवर छापलेले दिसते : गार्सिनिया कॅम्बोजिया. ‘व्यायाम नको, पथ्य नको, जेवणाआधी दोन कॅप्सूल घ्या आणि महिन्याभरात बारीक व्हा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींतले ‘चमत्कारी फळ’ ते हेच.

गेली तीस वर्षे मी एका मध्यम आकाराच्या गावात दवाखाना चालवते. ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब हे नेहमीचेच. पण अलीकडे पर्समधून हळूच एखादी बाटली काढून टेबलावर ठेवणाऱ्या बायका वाढल्या आहेत, आणि आता पुरुषही. प्रश्न ठरलेला असतो, ‘‘डॉक्टर, हे घेतलं तर चालेल ना?’’ मी लेबल वाचू लागले की लगेच पुढचे वाक्य येते, ‘‘औषध नाहीये हो ते, फळच आहे. आपलं आमसूलच की!’’

माझे माहेर कोकणातले. त्यामुळे आमसुलाची साक्ष काढली की माझी अर्धी हरकत संपेल, असा बहुधा त्यांचा हिशेब असतो. तो का चुकतो, हे दवाखान्यातल्या पाच मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून आज जरा निवांतपणे सांगते.

म्हैसूरच्या प्रयोगशाळेतून

कुडमपुळीचे फळ दिसायला मोठे गमतीचे. लहानशा लाल भोपळ्याला असतात तशा त्याला खोल खाचा असतात. पिकले की ते पिवळसर होते. बिया काढून सालीच्या फाका वाळवतात आणि धुराची धग देतात. मग त्या काळ्याकुट्ट, चामड्यासारख्या होतात. केरळातल्या लालभडक मीनकरीतला खास आंबटपणा याच फाकांचा.

हा आंबटपणा नेमका कशाचा, याचा उलगडा आपल्याच देशात झाला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, या फळातले मुख्य आम्ल चिंचेतले नाही आणि लिंबातलेही नाही. ते आहे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे जवळचे भावंड. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एचसीए म्हणतात. आपल्या कोकमाच्या सालीतही ते असते. तेव्हा नाते खोटे नाही.

चार वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातल्या संशोधकांना या आम्लाचा एक गुण सापडला. आपण भात, पोळी, साखर गरजेपेक्षा जास्त खाल्ली की त्यातल्या काही भागाची शरीर चरबी बनवू शकते. या कामात पेशींमधले एक एन्झाइम महत्त्वाचे असते आणि एचसीए नेमके त्या एन्झाइमच्या वाटेत पाय घालते. पुढे सत्तरच्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. उंदीर कमी खाऊ लागले, त्यांच्या अंगात चरबी कमी तयार झाली. झाले! गोळी विकणाऱ्यांना एवढे धागेदोरे पुष्कळ होते.

उंदीर आणि माणूस

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पिष्टमय पदार्थांपासून चरबी बनवण्यात उंदीर फार हुशार असतो. माणूस त्या मानाने मंद. आपल्या रोजच्या जेवणात तेल, तूप, दूध, खोबरे, शेंगदाणे असतातच. आपल्या पोटावर साठणारी चरबी बरीचशी या आयत्या स्निग्धांशातून येते. साखरेचा आणि पिठाचा वाटा वेगळ्या प्रकारचा. शरीर ती आधी इंधन म्हणून जाळते आणि मग खाल्लेले तूप जाळायची वेळच येत नाही. ते साठत राहते. पिठाची चरबी बनवण्याची वाट आपल्या नेहमीच्या खाण्यात फारशी वापरात नसते. जिथून रहदारीच कमी, तिथे नाकाबंदी करून किती गाड्या अडणार?

तरीही अंदाजावर विसंबू नये, माणसांवर तपासून पाहावे, हा शास्त्राचा रिवाज. न्यूयॉर्कमध्ये तसे केले गेले आणि १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निष्कर्ष आले. वजन जास्त असलेल्या १३५ जणांचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम एचसीए, दुसऱ्याला दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळते ते घेणाऱ्यांना माहीत नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. दोन्ही गटांना भरपूर चोथ्याचा, कमी उष्मांकांचा आहार. बारा आठवड्यांनी फळाचा अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले आणि पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांचे ४.१ किलो! हा फरक योगायोगाचाही असू शकतो, त्यामुळे अर्काने वजन वाढते असा अर्थ काढायचा नाही. पण अर्काचा उपयोग झाला, असे तर मुळीच म्हणता येत नाही. दोन्ही गट बारीक झाले ते ताटातल्या बदलामुळे.

त्यानंतर आणखी चाचण्या झाल्या, काही लहान, काही सदोष. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला. फरक निघाला सरासरी सुमारे ०.८८ किलो. म्हणजे किलोभरही नाही. आणि फक्त काटेकोरपणे केलेल्या चाचण्या घेतल्या तर तोही फरक भरवशाचा उरला नाही.

किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० उष्मांक. दिवसाला चार कप चहा आणि कपात दोन चमचे साखर धरली तर साखरेचेच सुमारे १६० उष्मांक होतात. हा चहा बिनसाखरेचा घेतला तर कागदावरच्या हिशेबाने पन्नास दिवसांत तेवढेच काम होते. शरीर कागदासारखे काटेकोर वागत नाही, हे खरे. पण महागडी बाटली घेण्याआधी हा हिशेब एकदा मनात करून पाहायला हरकत नाही.

यकृताची तक्रार

‘‘उपयोग नाही झाला तर नाही, अपाय तर नाही ना?’’ हा पुढचा प्रश्न. माझी खरी काळजी इथे सुरू होते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. वय छत्तीस. आठ दिवस अन्नावर वासना नव्हती, मळमळत होते, लघवी गडद पिवळी होत होती. डोळे पाहिले तर हळदीसारखे. कावीळ म्हणजे पाण्यातून झाली असेल, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते आणि कुठल्याशा गावी उतारा देणाऱ्याकडे न्यायची तयारीही झाली होती. रक्त तपासले. चाळीसच्या आसपास असायला हवे ते एसजीपीटी हजाराच्या वर. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या मात्र साऱ्या निर्दोष. दारूचा प्रश्नच नव्हता. ‘‘कुठलं औषध चालू आहे?’’ असे मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा ‘‘काहीच नाही’’ असे उत्तर आले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांची धाकटी बहीण म्हणाली, ‘‘ताई, ते बारीक व्हायचं?’’

भाचीच्या लग्नात नेसायची पैठणी ठरली होती. ब्लाउज जुने होते, त्यात मावायचे होते. दीड महिना रोज कॅप्सूल चालू होत्या : गार्सिनियाचा अर्क आणि जोडीला ग्रीन टीचा अर्क. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतेच, मग सांगणार काय? कॅप्सूल बंद केल्या, मोठ्या रुग्णालयात पाठवले. त्यांचे दैव बलवत्तर. अडीच महिन्यांनी रक्ताचे आकडे जागेवर आले. लग्न मात्र त्यांनी बिछान्यावरून, मोबाइलवर पाहिले.

एका रुग्णावरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळते. त्या कॅप्सूलमधल्या नेमक्या कोणत्या घटकाने घात केला, हेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ही गोष्ट एकटीची नाही. अमेरिकेत हायड्रॉक्सीकट नावाचे वजन घटवणारे एक उत्पादन प्रचंड खपत असे. त्याच्या त्या वेळच्या मिश्रणात गार्सिनिया होता, इतरही अनेक घटक होते. यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, एका तरुणाच्या मृत्यूचीही नोंद झाली आणि मे २००९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना ते न घेण्याचा इशारा दिला. कंपनीने माल परत घेतला. पुढे मिश्रण बदलले गेले.

त्या वेळी दोष गार्सिनियाचा की सोबतच्या घटकांचा, असा वाद होता. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांच्या जाळ्याने २०२२ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. २००४ ते २०१८ या काळातल्या त्यांच्या रुग्णांपैकी २२ जणांच्या यकृताची इजा गार्सिनियाशी जोडता आली. त्यांतल्या १६ जणांनी तो ग्रीन टीच्या अर्कासोबत घेतला होता, पाच जणांनी मात्र नुसता गार्सिनिया. आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण होती आणि ती सर्वसाधारण लोकसंख्येत बरीच कमी आढळते. म्हणजे शेजारणीला काही झाले नाही म्हणून आपल्यालाही होणार नाही, असे नाही. आपल्या रक्तात ती खूण आहे की नाही, हे बाटली विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि आपल्यालाही.

फ्रान्सच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने तर मार्च २०२५ मध्ये गार्सिनिया असलेली पूरके घेऊच नका, असा स्पष्ट सल्ला दिला. तिथे २००९ पासून दुष्परिणामांच्या ३८ नोंदी झाल्या होत्या. यकृतदाह, स्वादुपिंडाला सूज, मानसिक अस्वस्थता, हृदयाच्या आणि स्नायूंच्या तक्रारी. यकृत अचानक निकामी होऊन एका स्त्रीचा मृत्यू झाल्याचेही त्यांत होते. लाखो लोक ही पूरके घेतात, त्या मानाने या नोंदी थोड्या आहेत, हे मान्य. पण ज्याचा लाभ किलोभरही नाही, त्यासाठी यकृत पणाला का लावायचे?

मग सोलकढी बंद?

मुळीच नाही! कोकम आणि कुडमपुळी ही पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी फळे आहेत. अडचण फळाची नसून अर्काची आणि मात्रेची आहे. आमटीत आपण दोन-चार आमसुले टाकतो, ती पातेलेभर आमटी घरातले पाच जण खातात आणि उरलेली साल ताटाच्या कडेला काढून ठेवतात. कॅप्सूलमध्ये निम्म्याहून अधिक एचसीए असलेला दाट अर्क दाबून भरलेला असतो. तो रोज, दिवसातून दोन-तीनदा, रिकाम्या पोटी, महिनोन्‌महिने घ्यायचा असतो. आमसूल आणि ती कॅप्सूल यांत नाते असेल, पण चिमूटभर जायफळाने झोप छान लागते म्हणून कुणी मूठभर जायफळ खात नाही.

आणि उलट बाजूनेही एक भ्रम काढून टाकू या. आमसूल खाऊन माणूस बारीक होत नाही. कोकणातला जुना माणूस सडपातळ असेल तर तो पाणंदीतून चढउतार करून, आमसुलामुळे नव्हे. आणि बाजारातले अमृत कोकम? रातांब्याच्या सालीत तिच्या साधारण दुप्पट साखर घालून ते करतात. उन्हातून आल्यावर एक पेला प्या, जीव गार होईल. वजन कमी करायला म्हणून पिऊ नका.

या गोळीच्या मागणीची झळ झाडांनाही लागली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जंगलांत उप्पागेची झाडे आहेत. एरवी गावापुरते गोळा होणारे हे फळ १९९० च्या दशकात परदेशी मागणीमुळे एकदम भाव खाऊ लागले. दुसऱ्याने न्यायच्या आत आपण न्यावे म्हणून कच्ची फळे तोडली गेली, फांद्या छाटल्या गेल्या. त्यात हे फळ ऐन पावसाळ्यात पिकते. ऊन कुठले? म्हणून वाळवायला जंगलातलेच सरपण जाळावे लागले. पुढे मागणी ओसरली आणि भाव पडले. आपले रातांबे उन्हाळ्यात पिकतात, उन्हावर वाळतात. उशिरा पिकलेले फळ पावसात सापडून वाया जाते, म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पावसाआधी हाती लागणारी ‘कोकण अमृता’ ही जात निवडली. फळाची चिंता करायचीच तर ती अशी करावी.

लेबल वाचताना

आपल्याकडे ही पूरके औषध कायद्याखाली नव्हे, तर अन्नाच्या नियमांखाली विकली जातात. २०१६ च्या नियमांनुसार त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरांत असते, चष्मा लावून शोधा. याचा साधा अर्थ असा की, औषध बाजारात येण्याआधी त्याला गुण सिद्ध करण्याची जी परीक्षा द्यावी लागते, ती या बाटलीने दिलेली नसते.

दुसरा धोका भेसळीचा. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले, २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. पण ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणवणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये ते गुपचूप मिसळलेले असल्याचे परदेशातल्या तपासण्यांत पुनःपुन्हा सापडले आहे. तेव्हा एखाद्या अनोळखी बाटलीने आठ दिवसांत भूक मेली, छाती धडधडू लागली आणि झोप उडाली, तर तो फळाचा गुण समजू नका.

काही जणांनी तर या वाटेला जाऊच नये. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, ज्यांना पूर्वी यकृताचा त्रास झाला आहे असे लोक, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या घेणारे आणि नैराश्यावरची औषधे चालू असलेले. शेवटच्यांना विशेष सांगते, कारण ते सहसा कुणाला सांगत नाहीत. नैराश्यावरची काही औषधे आणि गार्सिनिया एकत्र आल्यावर मेंदूतल्या सेरोटोनिनचा धोकादायक अतिरेक झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत.

आणि कुणी आधीच घेत असेल तर? घाबरू नका, बंद करा. भूक जाणे, मळमळ, विलक्षण थकवा, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणे, गडद लघवी, पिवळे डोळे यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि जाताना बाटली सोबत न्या. लाजू नका. डॉक्टरला राग येईल म्हणून लपवलेली बाटलीच सर्वांत महाग पडते.

पैठणीचा आणि वजनाचा प्रश्न

वजनाची चिंता खोटी आहे, असे मी म्हणत नाही. आपल्या भारतीय बांध्यात चरबी पोटावर लवकर साठते, म्हणून आपल्यासाठी मोजमापही कडक आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ओलांडला की सावध व्हावे. पण वजन का वाढले, हे आधी शोधायला हवे. थायरॉइड मंदावले आहे का, पाळी अनियमित आहे का, एखाद्या चालू औषधाने वाढले का, झोप अपुरी आहे का? वजन खरेच फार असेल आणि त्याने इतर आजार ओढवत असतील, तर आज परिणामकारक औषधे, इंजेक्शने आणि शस्त्रक्रियाही आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तपासण्या करून घ्यायची असतात. त्यांनाही दुष्परिणाम आहेत, पण ते मोजलेले, लिहिलेले असतात.

बाकीच्यांसाठी उपाय जुनेच. ते कंटाळवाणे आहेत म्हणून त्यांची जाहिरात होत नाही. ताटात भाजी-उसळ वाढवा, भात-पोळी थोडी आवरा, फरसाणाचा डबा हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा, रोज अर्धा-पाऊण तास दमदार चाला. महिन्याला किलो-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

आणि घरातल्यांना एक विनंती. त्या शिक्षिका बऱ्या झाल्यावर मी विचारले, ‘‘एवढी घाई कशासाठी केलीत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘साखरपुड्याच्या फोटोत सगळे हसले होते मला.’’ हसणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही. पण बाटलीची खरी जाहिरात कुठे होते, हे त्या दिवशी मला कळले. घरातल्या बाईला, वाढत्या वयाच्या मुलीला ‘किती सुटलीस!’ म्हणण्याऐवजी संध्याकाळी ‘चल, जरा फिरून येऊ’ म्हणून पाहा. त्याने कुणाचे यकृत बिघडल्याची नोंद अजून झालेली नाही.